प्रगतिपुस्तकावरची सही



दिवाळीच्या सुट्टीनंतर एका संध्याकाळी एक आई आपल्या नववीतल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. (ही हकिकत त्या कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगतो आहे.) तिच्या हातात गणिताच्या घटक चाचण्यांचे तीन पेपर होते. तिन्हींवर वडिलांची सही होती आणि तिन्ही सह्या मुलाने केलेल्या होत्या. वर्गशिक्षिकेने शाळेत बोलावले तेव्हा हे उघडकीस आले. "फादर, आता तुम्हीच याला सांगा. आमचं काही ऐकत नाही," आई म्हणाली.

मी मुलाला विचारले, "पप्पांची सही इतकी हुबेहूब कशी जमली रे तुला?" तो खाली मान घालून म्हणाला, "वहीच्या मागच्या पानांवर दोन आठवडे सराव केला." आई उसळून म्हणाली, "एवढा सराव गणिताचा केला असता तर!" मला क्षणभर हसू आले. मग मी विचारले, "पप्पा मारतात का?" तो म्हणाला, "नाही. पप्पा कधीच मारत नाहीत. पप्पा बोलत नाहीत. तीन-तीन दिवस बोलत नाहीत."

आई गप्प झाली. मीही गप्प झालो. त्याला सांगायचा उपदेश माझ्याजवळ तयार होता. खोटे बोलणे हे पाप आहे, खोटी सही करणे हा गुन्हा आहे, हे सारे खरेच होते. पण त्या मुलाला ते ठाऊक नव्हते असे नाही. ते ठाऊक असूनही त्याने सही केली. का, हा प्रश्न त्या संध्याकाळपासून माझ्या मनात आहे आणि तोच आजच्या या लेखाचा विषय आहे.

ही केवळ आळसाची गोष्ट नाही

परीक्षेत चिठ्ठ्या नेणे, शेजाऱ्याचे उतरवणे, गुण लपवणे, खोटी सही करणे, क्लासला जातो म्हणून सांगून भलतीकडे वेळ घालवणे, प्रकल्प दुसऱ्याकडून किंवा आजकाल मोबाईलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेऊन स्वतःच्या नावावर देणे, या सर्व गोष्टी आपल्याला माहीत आहेत. यांना आपण सरसकट 'आळस' किंवा 'वाईट संगत' असे नाव देतो. यांच्याच पंक्तीत आणखी दोन सवयी बसवायला हव्यात. पहिली, अभ्यास सतत पुढे ढकलणे. 'मी अभ्यासच केला नव्हता' असे नंतर सांगता येते, म्हणजे 'मला जमत नाही' हे कबूल करावे लागत नाही. दुसरी सवय तर आपल्याला सद्‌गुण वाटते. ती म्हणजे झोप, जेवण आणि खेळ सोडून, एका गुणासाठी रडत, जिवाच्या आकांताने अभ्यास करणे. या दोन्ही सवयींमागे बहुतेकदा भीती असते.

कॉपी रोखण्यासाठी कायदा आहे. महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध 1982 सालापासून स्वतंत्र अधिनियम आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या वेळी कॉपीमुक्त अभियान राबवले जाते, भरारी पथके फिरतात. ते आवश्यकही आहे. परंतु भरारी पथक परीक्षा केंद्रावर येते, घरी येत नाही. मुलगा सहीचा सराव करतो तो घरी बसून. तिथे पालकांशिवाय दुसरे कोणी नसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मुलाच्या प्रत्येक चुकीचा दोष आईवडिलांवर टाकण्याचा माझा हेतू नाही. मित्रमंडळी, परीक्षेची पद्धत, पाठांतरावर चालणारे शिक्षण, मुलाचा स्वतःचा निर्णय, ही सगळी कारणे असतात. चांगल्या घरातील मूलही चुकते आणि त्या चुकीची जबाबदारी त्याचीच असते. पण चूक झाल्यावर मूल कोणाकडे धाव घेते आणि कोणापासून लपते, हे मात्र फार मोठ्या प्रमाणात घरातील नात्यावर अवलंबून असते.

मुले खोटे बोलायला कुठे शिकतात?

इंग्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी (1907-1990) यांनी आई-मुलाच्या नात्याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या विचाराचे सार असे, की ज्या मुलाला परत येण्यासाठी एक सुरक्षित माणूस आहे अशी खात्री असते, तेच मूल जगात निर्धास्तपणे पुढे पाऊल टाकते. बागेत खेळणारे लहान मूल अधूनमधून मागे वळून आई बाकावर आहे ना ते पाहते आणि पुन्हा खेळायला पळते. आई दिसली नाही की खेळ थांबतो. दहावीचे मूल मागे वळून पाहताना दिसत नाही, पण पाहत असते. अभ्यासात धोका असतोच. चुकल्याशिवाय शिकता येत नाही. चुकण्याची मुभा आहे असे ज्याला वाटते, तोच अवघड गणिताला हात घालतो.

आता शिक्षेविषयी. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांमधील तीन-चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध केला. एका शाळेत छडी, थप्पड, चिमटा ही रोजची शिक्षा होती. दुसऱ्या शाळेत नव्हती. मुलांना पाठमोरे बसवून सांगितले, की मागे ठेवलेले खेळणे पाहायचे नाही. मोठी माणसे खोलीबाहेर जाताच दोन्ही शाळांतील बहुतेक मुलांनी वळून पाहिले. फरक त्यानंतर दिसला. कडक शिक्षेच्या शाळेतील मुले अधिक प्रमाणात खोटे बोलली आणि ते खोटे त्यांनी अधिक सफाईने निभावून नेले. मोह दोन्हीकडे सारखाच होता. छडीने मोह गेला नाही, खोटे बोलण्याचे कौशल्य मात्र वाढले.

"पण फादर, आम्ही मारत नाही, आम्ही तर कौतुकच करतो," असे काही पालक म्हणतील. कौतुकाचीही एक गंमत आहे. अमेरिकेतील क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सोडवल्यावर काही मुलांना 'तू किती हुशार आहेस' असे म्हटले गेले, तर काहींना 'तू चांगली मेहनत घेतलीस' असे. नंतर सर्वांना मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यात साहजिकच त्यांचे गुण घसरले. शेवटी दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलांसाठी स्वतःचे गुण कागदावर लिहायला सांगितले. 'हुशार' म्हटलेल्या मुलांपैकी सुमारे 38 टक्के मुलांनी आपले गुण खोटे लिहिले. मेहनतीचे कौतुक झालेल्या मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे 13 टक्के होते. ज्याला कोणी ओळखतही नाही, त्याच्यासमोरसुद्धा हुशारीचा मुखवटा सांभाळावा लागला. मग घरी आईसमोर, पाहुण्यांसमोर तो सांभाळताना मुलाची किती ओढाताण होत असेल!

तिसरा अभ्यास पहारा ठेवणाऱ्या पालकांसाठी आहे. हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी स्वीडनमधील 14 वर्षांची मुले आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास 2000 मध्ये मांडला. पालकांना आपल्या मुलाची जी खरी माहिती असते, ती त्यांना कशी मिळते? चौकशी करून आणि नियम घालून मिळते, असा सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात ती मुख्यतः एकाच मार्गाने मिळत होती: मूल आपण होऊन सांगते म्हणून. आपण दप्तर तपासतो, मोबाईल तपासतो, क्लासच्या सरांना फोन करतो. पण मुलाने सांगायचे थांबवले, की आपल्या हाती फारसे काही उरत नाही.

संत ऑगस्टीनचे शाळेतले दिवस

हे सारे आधुनिक शास्त्र आहे असे समजू नका. इसवी सन 354 मध्ये उत्तर आफ्रिकेत जन्मलेले संत ऑगस्टीन आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात शाळेच्या आठवणी सांगतात. अभ्यासात कुचराई केली की मार बसे. लहानगा ऑगस्टीन देवाला कळवळून प्रार्थना करी, की आज मला मार बसू नये. पाठीवरचे वळ पाहून मोठी माणसे हसत, त्यात त्याचे आईवडीलही होते. पुढे तेच मूल खेळापायी शिक्षकांशी आणि आईवडिलांशी असंख्य वेळा खोटे बोलले, खेळात लबाडी करू लागले, घरातून वस्तू चोरू लागले, हे संत स्वतःच कबूल करतात.

वडिलांनी त्याला कार्थेजला उच्च शिक्षणासाठी पाठवायचे ठरवले आणि ऐपतीबाहेर जाऊन पैसा उभा करायला सुरुवात केली. गावाने त्यांची वाहवा केली. पण मुलगा उत्तम वक्ता व्हावा एवढीच त्यांना काळजी होती. तो माणूस म्हणून कसा घडतो आहे याची नव्हती, असे ऑगस्टीन पुढे लिहितात. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे शब्द आजच्या कोणत्याही मुलाचे असू शकतील. संत मोनिकासारखी आई असलेल्या घरातही हे घडले, यावरून आपण नम्र व्हावे आणि धीरही घ्यावा.

दासाचे भय आणि लेकराचे भय

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद माझ्या वाचनात आला होता. तेव्हा तो मी परीक्षेपुरता पाठ केला. त्याचा अर्थ त्या संध्याकाळी त्या मुलासमोर उमगला. संत थॉमस म्हणतात, की भय अनेक प्रकारचे असते. एक दासाचे भय आणि एक पुत्राचे भय. दासाला शिक्षेची भीती असते. शिक्षा टळली की त्याचे काम झाले. धनी पाहत नसेल तर चूक ही त्याच्या लेखी चूकच नव्हे. पुत्राला भीती असते ती आपल्या हातून पित्याचे मन दुखावण्याची. ही भीती प्रेमातून जन्मते, म्हणून ती पित्यापासून दूर पळवत नाही, जवळ आणते.

आपल्या मुलाच्या मनात आपल्याविषयी कोणते भय आहे? हे ओळखणे अवघड नाही. दासाचे भय असलेले मूल चूक झाल्यावर लपते. लेकराचे भय असलेले मूल चूक झाल्यावर रडत का होईना, घरी येते.

प्रभू येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला (लूक 15:11-32) या दृष्टीने पुन्हा वाचा. धाकटा सारे उधळून परत निघतो तेव्हा वाटेत काय बोलायचे ते मनात जुळवून ठेवतो. मला आता मुलगा म्हणून नको, मजूर म्हणून ठेवून घ्या, असे तो म्हणणार असतो. म्हणजे नापास झाल्यावर मुलाचे स्थान जाते, फार तर दासाचे मिळते, असा त्याचा हिशेब आहे. थोरल्याकडे पाहा. तो 'पहिल्या नंबरचा' मुलगा. त्याने कधी आज्ञा मोडली नाही. पण रागाच्या भरात त्याच्या तोंडून निघते ते हेच, की इतकी वर्षे तो दासासारखा राबला आणि एक करडूही त्याला मिळाले नाही! एक घर सोडून गेला, एक घरातच राहिला; पण दोघांनीही बापाला धनी समजले आणि त्याच्या प्रेमाला मजुरी समजले.

आपण धाकट्याची काळजी करतो. माझ्या मते थोरल्याचीही तेवढीच काळजी करायला हवी. अवी असोर, गाय रॉथ आणि एडवर्ड डेसी यांनी 2004 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. 'मी यशस्वी झालो तरच आईवडिलांची माया अधिक मिळते' असे ज्यांना वाटत होते, ते विद्यार्थी आईवडिलांना हवे तसे वागत होते. परंतु आतून दडपणाखाली. यशाचा आनंद फार काळ टिकत नव्हता, अपयशानंतर लाज वाटत होती आणि मनात आईवडिलांविषयी राग साचला होता. हे थोरल्या मुलाचेच चित्र नव्हे का? 95 टक्के मिळवणारे आणि तरीही हसू हरवलेले मूल आपल्याही घरात असू शकते.

दाखल्यातील पिता दोघांसाठीही घराबाहेर येतो. धाकट्यासाठी तो धावत जातो, आणि थोरल्याची समजूत घालण्यासाठी चालू मेजवानी सोडून अंगणात येतो. धाकट्याची जुळवलेली वाक्ये तो पूर्ण होऊच देत नाही. 'मजूर म्हणून ठेव' हे शब्द त्याच्या ओठांवर येण्यापूर्वीच झगा, अंगठी आणि पायताणे मागवली जातात.

आणखी एक गोष्ट. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाल्यावर येशू आपला परमप्रिय पुत्र असल्याची वाणी आकाशातून झाली (मार्क 1:11). तेव्हा येशूने एकही चमत्कार केला नव्हता, एकही प्रवचन दिले नव्हते. पित्याने पसंतीची पावती आधी दिली, काम नंतर सुरू झाले. आपण उलट करतो. आधी निकाल, मग कुशीत घेणे.

मग शिस्त नको का?

हवी. पित्याने धाकट्याला जवळ घेतले म्हणून उधळलेली मालमत्ता परत आली नाही. प्रेम म्हणजे सूट नव्हे. डायना बॉमरिंड या अमेरिकन संशोधिकेने 1960 च्या दशकात पालकांच्या वागण्याचे तीन प्रकार वर्णन केले. एक, केवळ हुकूम चालवणारे. दुसरे, सर्व काही चालवून घेणारे. आणि तिसरे, माया आणि ठाम नियम दोन्ही देणारे व नियमाचे कारण समजावून सांगणारे. त्यांना तिसऱ्या प्रकारच्या घरांतील मुले अधिक जबाबदार आणि आत्मविश्वासू आढळली. संत जॉन बॉस्को (1815-1888) यांनी हेच आपल्या वसतिगृहांत आचरणात आणले होते. विवेक, धर्म आणि प्रेमळपणा हे त्यांच्या पद्धतीचे तीन खांब. 10 मे 1884 रोजी रोमहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना आठवण दिली, की मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही. आपल्यावर प्रेम केले जाते हे मुलांना कळलेही पाहिजे.

त्या तीन दिवस न बोलणाऱ्या वडिलांना मी नंतर भेटलो. ते वाईट गृहस्थ नाहीत. सकाळी साडेसहाची लोकल पकडतात, रात्री नऊला घरी येतात. त्यांच्या वडिलांनी वाडीत केळी आणि भाजी पिकवून त्यांना शिकवले. आता वाडी उरली नाही. मुलाने शिकलेच पाहिजे, ही त्यांची धास्ती खरी आहे. ते म्हणाले, "फादर, रागाच्या भरात हात उठू नये म्हणून मी गप्प बसतो." त्यांना वाटत होते की आपण संयम पाळतो आहोत. मुलाला वाटत होते की आपण पप्पांच्या मनातून उतरलो. एकाच घरातील एका शांततेचे दोन वेगळे अर्थ, आणि कोणी कोणाला विचारले नाही.

मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर त्यांचे मन खचेल, असे संत पौल बापांना बजावतात (कलस्सै 3:21, इफिस 6:4). मन खचलेले मूल दोनच गोष्टी करू शकते: सोडून देते किंवा फसवते.

घरी काय करता येईल?

1. पहिल्या पाच मिनिटांत शिक्षा नको. मुलाने आपण होऊन वाईट पेपर दाखवला तर आधी म्हणा, "दाखवलास ते बरं केलंस." गुणांविषयी नंतर बोला. खरे बोलण्याची किंमत गुणांपेक्षा जास्त आहे हे त्याला तेव्हाच समजेल.

2. कृती आणि व्यक्ती वेगळी ठेवा. "तू कॉपी केलीस, हे चुकीचं आहे" आणि "तू चोर आहेस" यांत फार अंतर आहे. पहिल्या वाक्यानंतर मूल सुधारू शकते, दुसऱ्यानंतर त्याला लपावेसे वाटते.

3. चुकीची भरपाई करायला लावा. खोटी सही केली असेल तर मुलाने शिक्षकांकडे जाऊन स्वतः सांगावे. पण त्या वेळी आईने किंवा वडिलांनी त्याच्या शेजारी उभे राहावे. चारित्र्य सवयीने घडते, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. एक खोटी सही दुसरीला सोपे करते. तसेच एकदा धैर्याने बोललेले खरे पुढचे खरे सोपे करते.

4. अबोला धरू नका. राग आला असेल तर तसे सांगा: "मला आत्ता राग आलाय, जेवण झाल्यावर बोलू." आणि जेवण झाल्यावर खरोखर बोला.

5. तुलना थांबवा. मावशीच्या मुलाचे टक्के हा आपल्या घरचा विषय नव्हे.

6. दिवसातील एक वेळ अशी ठेवा जेव्हा अभ्यासाचा शब्द काढायचा नाही. कुटुंब प्रार्थनेनंतरची दहा मिनिटे त्यासाठी चांगली. प्रार्थनेत मुलाच्या परीक्षेसाठी मागणे जरूर करा, पण कधीतरी केवळ 'हे मूल दिल्याबद्दल' देवाचे आभारही माना आणि ते मुलाला ऐकू येईल असे माना.

7. आपली चूक झाली तर मुलाची क्षमा मागा. आईवडिलांनी क्षमा मागितलेली पाहिली नाही, त्या मुलाला प्रायश्चित्त संस्काराला जाणे अवघड जाते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक शब्द. आईवडील तुमचे मन ओळखू शकत नाहीत. तुम्हाला ते सांगावे लागते. घरी सांगणे अगदीच अशक्य वाटत असेल तर आजी, मावशी, शिक्षिका, धर्मशिक्षणाचे सर, किंवा माझ्याकडे या. दहावीत एखादा विषय राहिला तरी राज्यात 2015 पासून त्याच वर्षी जुलैच्या सुमारास पुन्हा परीक्षा देता येते. धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी व्हियानी लॅटिनमध्ये इतके कच्चे होते, की सेमिनरीच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले होते. देवाने त्यांचे प्रगतिपुस्तक पाहून त्यांना बोलावले नव्हते.

पालकहो, मूल एकाएकी अबोल झाले, झोप-जेवण सुटले, 'माझा काही उपयोग नाही' असे बोलू लागले, तर 'नाटक करतो' म्हणून दुर्लक्ष करू नका. त्याच दिवशी त्याच्याजवळ बसा, त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांचा सल्ला घ्या. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर चालू आहे. तिथे मराठीतही बोलता येते. मदत मागणे हा विश्वासाचा अभाव नव्हे.

आपल्या धर्मग्रामाचे काय?

दुसऱ्यांकडे बोट दाखवताना मला स्वतःकडेही पाहावे लागले. दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की रविवारच्या मिस्सानंतर आपण गुणवंतांचा गुणगौरव करतो. नावे आणि टक्के मीच वाचतो, टाळ्या पडतात. मेहनतीचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्या वेळी बाकांवर बसलेल्या 48 टक्क्यांच्या मुलाकडे मी कधी पाहिले नव्हते. वेदीसमोर, जिथे आपण सर्व एकाच पित्याची लेकरे म्हणून एकाच भाकरीत सहभागी होतो, तिथेही त्याला कळते की आपले नाव पुकारण्याजोगे नाही.

म्हणून धर्मग्राम मंडळाशी बोलून आम्ही ठरवले आहे, की यापुढे त्या रविवारी परीक्षेला बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला, उत्तीर्ण असो वा नसो, आईवडिलांसह पुढे बोलवायचे आणि आशीर्वाद द्यायचा. टक्के वाचले जाणार नाहीत. बक्षिसे सभागृहात दिली जातील, आणि कष्ट करून शिकणाऱ्यांचाही त्यात विचार होईल. काहींना हा बदल रुचणार नाही. त्यांनी माझ्याशी जरूर बोलावे.

आईवडील हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 28 ऑक्टोबर 1965 च्या ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या जाहीरनाम्यात सांगितले आहे. मुलाला देवपित्याची पहिली ओळख घरातल्या आईवडिलांच्या चेहऱ्यावरून होते. त्या चेहऱ्यापासून त्याला लपावे लागले, तर पुढे देवापासूनही ते लपू लागेल. या लेखात जे पणाला लागले आहे ते टक्क्यांपेक्षा मोठे आहे.

तो नववीचा मुलगा आता दहावीत आहे. गणितात तो अजून कच्चाच आहे. पण चाचणीचा पेपर मिळतो त्याच दिवशी घरी पोहोचतो, असे आई सांगते. सही वडील स्वतः करतात. कधी कधी रात्री नऊनंतर, जेवताना, डाव्या हाताने पेपर धरून.

कुटुंबात व वॉर्ड सभेत चर्चेसाठी प्रश्न

1. आमच्या घरात वाईट बातमी सर्वात आधी कोणाला सांगितली जाते? का?
2. (पालकांसाठी) माझा राग माझे मूल कसा समजते, हे मी त्याला कधी विचारले आहे का?
3. (मुलांसाठी) घरी न सांगितलेली अशी कोणती गोष्ट आहे, जी या आठवड्यात मी सांगू शकेन?
4. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला मुलगा शेवटी घरात गेला की नाही, हे प्रभूने सांगितले नाही. तुम्हाला काय वाटते?

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, आम्ही काही करून दाखवण्यापूर्वीच तू आम्हाला स्नानसंस्कारात आपली लेकरे म्हणून स्वीकारलेस. आमच्या मुलांना तू आमच्या हाती दिले आहेस. त्यांना आमच्या घरात दासाचे नव्हे, लेकराचे मन लाभो. आमचा राग सौम्य कर, आमचा अबोला मोड. चूक घेऊन घरी येणाऱ्याला दार उघडे सापडो. पवित्र मरिये आणि संत योसेफा, हरवलेल्या बालयेशूला तुम्ही काळजीने शोधले. आमच्या मुलांना शोधायला आम्हालाही शिकवा. आमेन.

तुमचा,
धर्मगुरू